जुनी आलिशान गाडी एलपीजीवर चालवायची आहे? कोकणातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्याकडे १९९६ सालची मर्सिडीज ई२२० आहे. वडिलांनी हौसेनं घेतलेली, आता माझ्या नावावर, मुक्काम रत्नागिरी. गेली आठ वर्षं ती पेट्रोल आणि एलपीजी अशा दोन्ही इंधनांवर चालते. डिकीतली गॅसची टाकी बघून लोक थांबून विचारतात. देवगड, दापोली, चिपळूण इथून फोन येतात, कुणाची जुनी अकॉर्ड असते, कुणाची कॅमरी, कुणाची सोनाटा. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवतो आहे.

खरंच पैसे वाचतात का?

वाचतात, पण ऐकीव आकड्यांइतके नाही. एक लिटर एलपीजीत पेट्रोलच्या साधारण ७५ ते ८० टक्के उष्णता असते. त्यामुळे पेट्रोलवर लिटरला ८ किलोमीटर देणारी गाडी गॅसवर ६.४ च्या आसपास देते. समजा पेट्रोल १०५ रुपये आणि गॅस ६५ रुपये लिटर आहे. पेट्रोलवर किलोमीटरला १३ रुपये १० पैसे पडतात, गॅसवर १० रुपये २० पैसे. म्हणजे किलोमीटरमागे तीन रुपयांना थोडे कमी सुटतात. किट, बसवणूक आणि कागदपत्रं मिळून ६० हजार खर्च झाला असं धरलं, तर वीस हजार किलोमीटर फिरल्यावर मुद्दल वसूल होतं. भाव रोज बदलतात, तेव्हा माझे आकडे काढून आजचे घाला आणि वहीत गणित मांडा. या हिशेबानं गॅसचा भाव पेट्रोलच्या ८० टक्क्यांवर गेला की फायदा संपतो.

वर्षाला पाच हजार किलोमीटर फिरणाऱ्याला वसुलीसाठी चार वर्षं लागतील. माझं स्पष्ट मत असं की फक्त बचतीसाठी हे करू नका. ही गाडी तुम्हाला विकायची नाही, पण पेट्रोलच्या खर्चामुळे ती नुसती उभी राहते आहे, आणि उभी राहून सडते आहे, असं असेल तर करा. कोकणात उभी गाडी चालत्या गाडीपेक्षा लवकर मरते. माझ्या गाडीचा सगळ्यात मोठा फायदा हाच झाला की ती दर आठवड्याला रस्त्यावर असते.

गॅस भरायचा कुठे?

किट कुठलं घ्यायचं याच्याही आधी हा प्रश्न सोडवा. वाहनांच्या एलपीजीचे पंप कोकणपट्टीत विरळ आहेत. घाटावर, रिक्षा मोठ्या संख्येनं गॅसवर आल्या त्या कोल्हापूरसारख्या शहरांत, ते जास्त दिसतात.

टाकीचं गणित ध्यानात घ्या. स्टेपनीच्या जागी बसणारी गोल टाकी ६० लिटरची घेतली, तरी तिच्यात ४८ लिटरच भरतात. टाकी ८० टक्के भरली की आतला व्हॉल्व्ह भरणं आपोआप तोडतो, कारण द्रवरूप गॅस उन्हानं फुगतो आणि त्याला जागा लागते. ४८ लिटरमध्ये तीनशे किलोमीटर. रत्नागिरीहून आंबा घाटानं कोल्हापूर १३० किलोमीटरच्या आसपास आहे. केवळ गॅस भरायला गेलात, तर येऊन जाऊन जवळजवळ सगळी टाकी रस्त्यातच संपली. मला परवडतं कारण कामासाठी महिन्यातून दोन-तीनदा कोल्हापूरला जावंच लागतं. भरून येतो, आणि घाट उतरून घरी पोचल्यावर जे उरतं त्यावर गावातल्या फेऱ्या होतात.

तुमच्या नेहमीच्या रस्त्यावर चालू पंप आहे का, हे स्वतः जाऊन किंवा फोन करून बघा. मोबाईलच्या नकाशावर दिसणारा पंप कधीच बंद पडलेला असू शकतो. नेहमीच्या वाटेवर एकही चालू पंप नसेल, तर पुढचे प्रश्न वाचायची गरज नाही.

घरचा सिलिंडर वापरला तर?

नाही. कधीही नाही. एकानं मला डिकी उघडून दाखवली होती. आत लाल सिलिंडर आडवा, नायलॉनच्या दोरीनं बांधलेला, आणि रबरी नळी मागच्या सीटखालून पुढे नेलेली. त्या गाडीत त्याची दोन मुलं बसली होती. मी त्याला हात जोडले.

वाहनाच्या टाकीला भरणं तोडणारा व्हॉल्व्ह असतो, नळी तुटली तर प्रवाह अडवणारा व्हॉल्व्ह असतो, दाब वाढला तर सोडणारा असतो, आणि गळलेला गॅस गाडीबाहेर नेणारी वाट असते. घरच्या सिलिंडरला यातली भरण्याची, नळी तुटण्याची आणि बाहेरच्या वाटेची काहीच सोय नाही. शिवाय तो गुन्हा आहे आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते.

मग सीएनजी का नाही?

रास्त प्रश्न. रायगडात महानगर गॅस, सिंधुदुर्गात महाराष्ट्र नॅचरल गॅस अशा कंपन्यांना क्षेत्रं दिलेली आहेत आणि महामार्गाच्या कडेला सीएनजीचे पंप वाढत चालले आहेत. पनवेल, पेण, अलिबाग भागात राहून रोज फिरत असाल, तर सीएनजीचा विचार जरूर करा.

जुन्या मोठ्या गाडीला मी तरी एलपीजीच सुचवतो, आणि कारण टाकी. सीएनजी २०० बारच्या दाबानं भरतात, म्हणून जाड, वजनदार, लांब सिलिंडर लागतो. डिकी जाते, मागचे स्प्रिंग बसतात, गाडीची ती सुप्रसिद्ध चाल बिघडते. एलपीजी थोड्याशा दाबाखाली द्रव होतो, आपल्या हवेत दहा बारच्या आतबाहेर. त्यामुळे टाकी हलकी आणि स्टेपनीच्या खड्ड्यात मावणारी. गणपतीला सामान भरून गावी यायचं तर डिकी लागतेच.

कुठल्या गाडीला चालतं?

पेट्रोल गाडीला. डिझेल इंजिनात ठिणगी देणारा प्लगच नसतो, त्यामुळे तो विषय सोडून द्या.

पेट्रोल इंजिनात खरा प्रश्न व्हॉल्व्हच्या बैठकीचा, म्हणजे व्हॉल्व्ह मिटला की ज्या कड्यावर टेकतो त्याचा. गॅस कोरडा जळतो. पेट्रोलचे थेंब आत येताना व्हॉल्व्हला जो थंडावा देतात, तो गॅसवर मिळत नाही. बैठकीचं लोखंड मऊ असेल तर व्हॉल्व्ह हळूहळू आत रुततो, टॅपेटची (व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागाची) फट कमी होत जाते, आणि शेवटी व्हॉल्व्ह पूर्ण बंदच होत नाही. मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, जातं आणि हेड उतरवायची वेळ येते. ई२२० च्या इंजिनात हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावरचे टॅपेट आहेत, ते फट स्वतः सांभाळून घेतात. जुन्या सोनाटाचंही तसंच. अकॉर्डच्या इंजिनात फट हातानं लावावी लागते. अशा गाडीला गॅस लावू नये असं नाही, पण दर वीस हजार किलोमीटरला टॅपेट कव्हर उघडून फट मोजायची तयारी हवी. ‘आवाज येत नाही म्हणजे ठीक आहे’ हे इथे उलटं असतं. फट कमी झाली की इंजिन आणखी शांत वाटतं, आणि तेव्हाच ते बिघडत असतं.

ऐंशीच्या दशकातल्या आयात मर्सिडीजमध्ये, २३०ई किंवा ३००ई, केई-जेट्रॉनिक नावाची यांत्रिक इंजेक्शन पद्धत असते. तिच्यात हवा मोजणारी एक चकती असते. गॅसवर इंजिनानं उलट भडका मारला की ती चकती वाकते किंवा फुटते, आणि तो भाग आज मिळणं कठीण. अशी गाडी असेल तर माझा सल्ला: पेट्रोलवरच चालवा, कमी चालवा, जपा.

किट कुठलं घ्यावं?

किटचे ढोबळ दोन प्रकार. जुना प्रकार मिक्सरचा. हवेच्या वाटेत एक कडं बसवतात आणि इंजिन हवा ओढतं तसा गॅसही ओढला जातो. कार्ब्युरेटरच्या गाडीला तो चालतो. पण इंजेक्शनच्या गाडीला मिक्सर लावला की सगळं इनटेक मॅनिफोल्ड (इंजिनात हवा नेणारी नळ्यांची जुळणी) गॅसनं भरलेलं राहतं. एखादी ठिणगी चुकली की धडाका होतो आणि एअर फिल्टरचं झाकण उडतं.

दुसरा प्रकार सिक्वेन्शियल. टाकीतला द्रव गॅस नळीनं बोनेटखालच्या रिड्यूसरमध्ये येतो. तिथे रेडिएटरचं गरम पाणी फिरत असतं, त्याच्या उष्णतेनं गॅसची वाफ होते. ती वाफ फिल्टरमधून गॅसच्या इंजेक्टरना जाते आणि प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर असतो. गॅसचा स्वतःचा छोटा ईसीयू, म्हणजे इंधन सांभाळणारा संगणक, पेट्रोलच्या इंजेक्टरला जाणारा इशारा वाचतो आणि त्याच्या हिशेबानं गॅस सोडतो. गाडी पेट्रोलवर सुरू होते, पाणी कोमट झालं की स्वतःहून गॅसवर जाते. इंजेक्शनच्या गाडीला हाच प्रकार घ्या. लोव्हाटो, लांडी रेंझो, बीआरसी ही इटलीतली जुनी नावं आहेत. पण नावापेक्षा बसवणाऱ्याचा हात आणि त्यानंतरचं ट्यूनिंग महत्त्वाचं. लॅपटॉप न जोडता ‘झालं साहेब, घेऊन जा’ म्हणणाऱ्याकडून गाडी ताब्यात घेऊ नका. लॅपटॉप जोडून, बाजूला बसून, चढावर आणि सपाटीवर गाडी चालवून नोंदी बघणारा हवा.

बसवण्याआधी गाडीत काय दुरुस्त करून घ्यावं?

याच प्रश्नाकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं, आणि गॅसच्या नावानं ओरडणाऱ्या दहातल्या नऊ गाड्या इथेच फसलेल्या असतात, हा माझा अनुभव. गॅसचा ईसीयू पेट्रोलच्या ईसीयूचंच ऐकतो. पेट्रोलवर मिसिंग करणारी गाडी गॅसवर दुप्पट मिसिंग करेल.

माझीच गोष्ट सांगतो. किट बसवायला मिस्त्रींनी इंजेक्टरच्या वायरी हातात घेतल्या आणि वरचं आवरण बोटांत चुरा होऊन पडलं, जुन्या पापडासारखं. खाली तांब्याच्या उघड्या तारा एकमेकींना चिकटायच्या बेतात. नव्वदच्या दशकाच्या पहिल्या निम्म्यातल्या या मर्सिडीजच्या इंजिन वायरिंगचा हा जगभर माहीत असलेला दोष आहे. उष्णतेनं इन्सुलेशन ठिसूळ होतं. त्यावरच गॅसचं वायरिंग जोडलं असतं, तर दोन्ही ईसीयू गेले असते. आम्ही काम थांबवलं, आधी सगळं इंजिन वायरिंग नवं केलं, आणि दोन महिन्यांनी किट बसवलं. ते दोन महिने मला फार जड गेले होते, पण आज वाटतं, तो सगळ्यात शहाणपणाचा खर्च होता.

प्लग, प्लगच्या वायरी आणि कॉइल बघा. गॅस पेटायला पेट्रोलपेक्षा जोरदार ठिणगी लागते. माझ्याकडे प्लगची फट किंचित कमी ठेवली आहे. ऑक्सिजन सेन्सर जिवंत आहे का ते तपासा. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून कागदावर लिहून ठेवा, म्हणजे दोन वर्षांनी तुलना करता येते.

आणि पाणी. रेडिएटर, होज, थर्मोस्टॅट ठणठणीत हवेत. एकदा मे महिन्यात, हातखंब्याच्या चढावर, गाडीनं गॅसवर झटके मारायला सुरुवात केली. बोनेट उघडलं तर भर उन्हात रिड्यूसरवर पांढरं दव गोठलेलं. हात लावला तर बर्फ. होजच्या क्लिपमधून कूलंट गळून पातळी खाली गेली होती, रिड्यूसरला गरम पाणी पोचत नव्हतं, आणि वाफ होताना गॅस आजूबाजूची सगळी उष्णता शोषून घेत होता. पेट्रोलवर टाकून घरी आलो, वाटेत दोनदा थांबून पाणी घातलं. तेव्हापासून दर रविवारी सकाळी, इंजिन थंड असताना, कूलंटची पातळी बघतो.

स्टेपनीचं काय?

टाकीनं तिची जागा घेतली की स्टेपनी डिकीत उभी ठेवावी लागते. पंक्चरचा डबा ठेवून स्टेपनी घरी ठेवा असं काही जण सांगतात. आपल्या रस्त्यांवर, पावसाळ्यात, रात्री, घाटात? मी तरी स्टेपनीशिवाय निघत नाही. पट्ट्यानं घट्ट बांधा, नाहीतर वळणावर ती टाकीच्या व्हॉल्व्हवर आपटते.

खारा वारा आणि पाऊस यांचा त्रास होतो का?

होतो, आणि घाटावरच्या मिस्त्रीला त्याचा अंदाज नसतो. म्हणून हे त्याला तुम्ही सांगायचं.

टाकीतून पुढे जाणारी तांब्याची नळी गाडीच्या पोटाखालून जाते. तिच्यावर प्लास्टिकचं आवरण असतं. दुसऱ्या वर्षी रॅम्पवर गाडी घेतली तेव्हा मागच्या ॲक्सलजवळ एका क्लिपपाशी ते आवरण घासून फाटलेलं दिसलं आणि आत तांबं हिरवं पडलेलं. बोटानं पुसलं तर हिरवी भुकटी निघाली आणि खाली बारीक खळगे. गळती नव्हती, पण वाट तिकडेच चालली होती. ती नळी पूर्ण बदलली. आता प्रत्येक क्लिपखाली रबराची पट्टी आहे आणि क्लिप स्टीलच्या आहेत.

डिकीच्या खड्ड्याला तळाशी पाणी जाण्याची भोकं असतात. टाकी बसवताना ती बुजतात किंवा झाकली जातात. मग पावसाचं पाणी, डिकीच्या जुन्या रबरातून झिरपलेलं, टाकीखाली साठतं आणि टाकी खालून गंजते. वरून रंग चकचकीत दिसतो. वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, टाकी सैल करून खाली हात घालून बघा. मी दसऱ्याच्या आसपास हे करतो.

जिथे द्रव गॅस भरतात ते तोंड बंपरखाली उघड्यावर लावू नका. मीठ आणि जांभ्याची तांबडी धूळ त्यात बसते आणि भरताना ती आत जाते. पेट्रोलच्या झाकणाआड जागा असेल तर तिथे लावून घ्या. नसेल तर झाकण साखळीसह, रबरी वायसरचं.

बोनेटखालच्या सगळ्या वायरजोडांना ग्रीस लावा. दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ फेरीबोटीनं गाडी नेत असाल तर घरी आल्यावर गाडीच्या पोटावर गोड्या पाण्याचा फवारा मारा. समुद्रकिनाऱ्यावर वाळूत गाडी उतरवायची सवय असेल तर ती सोडा. गॅसची गाडी नसली तरीसुद्धा सोडा.

पावसाळ्यात उंदीर आणि घुशी उबेला बोनेटखाली येतात. पातळ रबरी नळ्या त्यांना फार आवडतात. गाडी गॅसवर अचानक नीट चालेना तर पहिल्यांदा त्या नळ्यांवर दातांच्या खुणा शोधा.

घाटात ताकद कमी पडते का?

नीट ट्यून केलेल्या सिक्वेन्शियल किटवर फरक थोडा जाणवतो, गाडी मरत नाही. एलपीजीचा ऑक्टेन पेट्रोलपेक्षा जास्त असल्यामुळे इंजिन ठोकत नाही आणि चढावर आवाज गोड राहतो. ऑटोमॅटिक गिअर किंचित उशिरा पडतो, एवढंच. मात्र आंबा, कुंभार्ली किंवा आंबोली घाट पूर्ण भरलेल्या गाडीनं एसी लावून चढायचा असेल, तर मी पेट्रोलवर टाकतो. अशा चढात गॅसचं मिश्रण पातळ पडलं तर व्हॉल्व्ह फार तापतात, आणि तेवढ्या पाच-दहा किलोमीटरच्या पेट्रोलनं काही बिघडत नाही.

आरटीओचं काय करावं लागतं?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे इंधन बदलणं हा गाडीतला बदल मानला जातो आणि तो आरसीवर नोंदवावा लागतो. किट मान्यताप्राप्त हवं, म्हणजे पुण्याच्या एआरएआयसारख्या चाचणी संस्थेनं मंजूर केलेलं. त्या मंजुरीत इंजिनाच्या क्षमतेची मर्यादा लिहिलेली असते. २२०० सीसीच्या गाडीला लहान गाडीसाठी मंजूर झालेलं किट लावलं, तर ते चाललं तरी नोंद होणार नाही. पैसे देण्याआधी तो कागद मागा आणि स्वतः वाचा.

टाकीवर स्फोटक विभागाच्या, म्हणजे नागपूर मुख्यालय असलेल्या पेसोच्या मान्यतेची खूण आणि अनुक्रमांक कोरलेला असतो. त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा, कारण टाकी बसल्यावर तो आकडा दिसत नाही. बसवणाऱ्याचं प्रमाणपत्र, किट आणि टाकीचे कागद, आरसी, विमा, पीयूसी घेऊन आपापल्या आरटीओत गाडी दाखवायला न्यायची. एमएच ०८ असेल तर रत्नागिरी, एमएच ०७ असेल तर सिंधुदुर्ग, एमएच ०६ असेल तर पेण. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र लागतं. तपासणीनंतर आरसीवर इंधन ‘पेट्रोल/एलपीजी’ असं येतं.

नोंद न करता चालवणाऱ्या मालकाला कलम १८२ए खाली प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. पण मला दंडापेक्षा विम्याची भीती जास्त वाटते. नोंद झाल्याबरोबर विमा कंपनीला कळवा आणि किटची किंमत पॉलिसीत स्वतंत्र लिहून घ्या.

पंधरा वर्षांवरची गाडी असेल तर दर पाच वर्षांनी पुनर्नोंदणी करावी लागतेच. टाकीची दाबचाचणीही दर पाच वर्षांनी असते. दोन्ही तारखा जुळवून घेता आल्या तर एका फेरीत काम होतं.

स्फोट होण्याची भीती कितपत?

मान्यताप्राप्त टाकी पेट्रोलच्या टाकीपेक्षा कितीतरी जाड पोलादाची असते. भीती टाकीपेक्षा गळतीची धरा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, वर उडून जात नाही, पाण्यासारखा सखल जागी साठतो. आपल्या घरांच्या आवारात विहीर असते, शोषखड्डा असतो, न्हाणीबाहेर पाणी तापवायची चूल असते. गॅसची गाडी चुलीपासून लांब आणि मोकळ्या वाऱ्यात उभी करा. तिन्ही बाजूंनी बंद पडवीत किंवा तळघरात लावू नका.

गॅसला मुद्दाम उग्र वास दिलेला असतो, तोच आपला पहारेकरी. म्हणून डिकीत सुकट, जवळा किंवा बांगडे ठेवून प्रवास करू नका. त्या वासात गॅसचा वास लपतो. बाजारातून आणायचेच असतील तर घट्ट झाकणाच्या डब्यात.

वास आला तर इंजिन बंद करा, सगळ्यांना उतरवा, दारं-डिकी उघडी ठेवा, टाकीवरचा हाताचा व्हॉल्व्ह बंद करा. दिव्याचं किंवा खिडकीचं बटण दाबू नका. हा व्हॉल्व्ह कुठे आहे ते घरातल्या प्रत्येक गाडी चालवणाऱ्याला दाखवून ठेवा. गळती शोधायला साबणाचं पाणी आणि रंगाचा ब्रश पुरतो, सांध्यावर बुडबुडे आले की सापडली. काडी ओढून बघणारे मिस्त्री अजूनही आहेत. त्यांच्या हातात गाडी देऊ नका.

पेट्रोल भरावं लागतंच का?

हो. गाडी सुरू पेट्रोलवरच होते. बऱ्याच गाड्यांत पेट्रोलचा पंप टाकीच्या आत असतो आणि पेट्रोलच त्याला थंड ठेवतं. टाकी रिकामी ठेवली की पंप जळतो. पाव टाकी नेहमी ठेवा.

आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या आणि सील त्यासाठी बनवलेले नव्हते. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि आपल्या हवेत पाण्याची काय कमी! ‘गॅसवर चालवतो, मग मला काय त्याचं’ असं म्हणून चालत नाही, कारण गॅसवर चालणाऱ्या गाडीत तेच पेट्रोल महिनोन्‌महिने पडून राहतं. मी आठवड्यातून एक दिवस पूर्ण पेट्रोलवर चालवतो, आणि पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या बसवून घेतल्या आहेत.

देखभाल किती वाढते?

द्रव गॅसचा आणि वाफेचा असे दोन फिल्टर, दर दहा ते पंधरा हजार किलोमीटरला. रिड्यूसरच्या तळाला गॅसमधलं चिकट तेल साठतं, ते फिल्टरबरोबरच काढून टाकायचं. प्लग थोडे लवकर. गॅसवर ऑइल काळं पडत नाही, म्हणून लोक ते बदलत नाहीत. ऑइल स्वच्छ दिसलं तरी वेळेवर बदला.

गाडी पुरात सापडली तर?

२२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये वाशिष्ठीचं पाणी घराघरांत शिरलं, तेव्हा कित्येक गाड्या छपरापर्यंत बुडाल्या. अशा गाडीत टाकीचं पोलाद टिकतं, पण व्हॉल्व्हची विजेवर चालणारी कॉइल, गॅसचा ईसीयू आणि व्हॉल्व्हवरच्या पेटीत अडकलेला चिखल यांचा भरवसा नसतो. पाणी ओसरल्यावर चावी फिरवू नका, पेट्रोलवरसुद्धा नाही. हाताचा व्हॉल्व्ह बंद करा, बॅटरी सोडवा आणि टाकी उतरवून तपासून घेतल्याशिवाय पुन्हा गॅस भरू नका. पाण्याचा इशारा आधी मिळाला तर गाडी वर नेण्यापूर्वी तो व्हॉल्व्ह बंद करायला दहा सेकंद पुरतात.

जुन्या गाडीची किंमत कमी होते का?

हौशी गिऱ्हाईक मूळ स्थितीतली गाडी मागतं, हे खरं. म्हणून बसवणाऱ्याला आधीच सांगा: पत्रा कापायचा नाही, मूळ वायर तोडायची नाही, जोड द्यायचा तो जोडपट्टीनं. इंजेक्टरच्या नोझलसाठी मॅनिफोल्डला भोकं पाडावीच लागतात. मी जुन्या गाडीचं एक जास्तीचं मॅनिफोल्ड मिळवलं, भोकं त्याला पाडली, आणि मूळचं तेल लावून, कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवलं आहे. उद्या किट उतरवलं तर गाडी होती तशी होईल.

गाडी चार-सहा महिने गावच्या घरी उभीच असते. तरी बसवावं का?

मुंबईहून गणपतीला आणि मे महिन्यात येणाऱ्या पुष्कळ जणांचा हा प्रश्न. नको. उभ्या गाडीत रिड्यूसरचे रबरी पडदे कडक होतात आणि टाकीखाली ओल धरते. तेवढ्या खर्चात रबरं, टायर आणि बॅटरी नवी करा, आणि गावातल्या कुणाला तरी दर पंधरवड्याला वीस किलोमीटर फिरवून आणायला सांगा. आधीच किट बसवलेलं असेल, तर जाताना हाताचा व्हॉल्व्ह बंद करा, नळ्यांत उरलेला गॅस संपेपर्यंत इंजिन गॅसवरच चालू ठेवून नळ्या रिकाम्या होऊ द्या, आणि परत आल्यावर पहिली चावी फिरवण्याआधी बोनेट आणि डिकी उघडून पाच मिनिटं नुसता वास घ्या.